बांबूचं पुढचं टोक

समारंभाचे अध्यक्ष, आपल्या केरेगल गावचे पंच माननीय दाउमा. बिशपसाहेबांच्या वतीने गाडी घेऊन आलेले आदरणीय फादर सिप्रियान. आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या आपल्या सिस्टर एमेरेन्सिया. वरच्या आणि खालच्या वस्तीतून चिखल तुडवत आलेल्या माता-भगिनींनो, बंधूंनो. आणि घरात सुतक असूनही इथे आलेला माझा भाचा तोबियास व त्याची माणसं.

सर्वप्रथम माफी मागतो. हे भाषण लिहून काढ, असं पंचांनी मला तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं. मी ते आज सकाळी लिहिलं. रोज कागद काढायचो आणि रोज परत घडी घालून ठेवायचो. मी तिसरीपर्यंत शिकलेला, चर्च झाडणारा माणूस. अक्षर माझं मलाच लागत नाही. कुठे अडखळलो तर हसा, पण हळू हसा.

आणि तोबियास, पोरा, दारात का उभे आहात सगळे? आत या. बाकांवर जागा आहे. नको? बरं. उजेड तेवढा अडवू नका, मला कागद दिसत नाही.

तर, सिस्टर एकतीस वर्षांपूर्वी आपल्याकडे आल्या. समुद्राकाठचं माणूस, बेटावर वाढलेलं. आपले उतार बघून घाबरल्या आणि दवाखान्यापासून ओढ्यापर्यंतची वाट बसून, घसरत उतरल्या. माझी बायको तेव्हा होती. ती म्हणाली, "ही काय आपले रोगी बघणार? हिलाच झोळीत घालून परत पाठवा." सिस्टरांना तेव्हा आपली भाषा येत नव्हती. सहा महिन्यांनी भाषा आली, तेव्हा त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "बाई, तुझी झोळी आण. आता वजन कमी झालंय माझं." हसताय ना? हसा. आजच्या दिवशी थोडं हसलेलं बरं.

एलियास आठवतो का कोणाला? खाणीवरून रोग घेऊन परत आला, हाडं मोजून घ्यावीत असा. त्याच्या भावांनी त्याला डुकरांच्या गोठ्यात ठेवला होता. काठीला टोपली बांधून लांबून रताळी सरकवायचे. सिस्टर गेल्या, वाकून आत बघितलं आणि भावांना म्हणाल्या, "अरे, डुकरांची जागा का अडवलीत? डुकरं कुठे झोपणार?" भाऊ लाजले, पण पुढे कोणी झालं नाही. मग त्यांनी स्वतः त्याला काखेत हात घालून ओढत बाहेर काढला, ओढ्यावर नेला, साबण लावून अंघोळ घातली. त्यानंतर एलियास चार महिने जगला. दवाखान्यात, पांढऱ्या चादरीवर, माणसासारखा गेला.

मी त्यांना तेव्हा विचारलं होतं, "सिस्टर, तुम्हाला भीती नाही वाटत?" म्हणाल्या, "वाटते की. पण कुमाय, प्रभूने महारोग्याला हात लावला तेव्हा आधी लोकांना विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर लोक काय म्हणाले असते, सांग." लोक काय म्हणाले असते ते मला माहीत होतं. मी त्या लोकांतलाच.

पंच घड्याळ बघताहेत. मला पाच मिनिटं दिली आहेत, हे मला ठाऊक आहे. खड्ड्यात तापल्या दगडांवर ठेवलेलं डुक्कर शिजून झालं असेल आणि दगड निवत असतील, हेही मला कळतं. पण दाउमा, आज मला थोडं जास्त बोलू दे. उद्या बोलून उपयोग नाही.

एलियासपर्यंत बोलणं सोपं होतं. आता मला रुफिनाबद्दल बोलायचं आहे.

बघा, नाव घेतल्याबरोबर बाक करकरले. सहा वर्षं ती दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहते आणि सहा वर्षं आपण तिचं नाव घेत नाही. ‘ती मागची’ म्हणतो. फादर, तुम्ही या भागात नवीन आहात, म्हणून तुमच्यासाठी सांगतो. बाकी सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे, सगळ्यांना वाटतं की माहीत आहे.

सहा वर्षांपूर्वी माझा थोरला भाचा दिंगे गेला. तोबियासचा भाऊ. तिशीतला गडी, सकाळी कॉफीचं पोतं खांद्यावरून उतरवलं आणि तिसऱ्या दिवशी पोट धरून मेला. आपल्याकडे धडधाकट माणूस असा गेला की काय विचारतात? कशाने गेला, हे कोणी विचारत नाही. कोणी खाल्लं, हे विचारतात. रडायला म्हणून झोपडी बांधली, माणसं तोंडाला माती फासून बसली, आणि चौथ्या दिवशी हिरवा बांबू तोडून आणला. दिंगेचा सदरा त्याच्या टोकाला बांधला. चार माणसांनी तो खांद्यावर घ्यायचा, चौघांच्या डोळ्यांवर फडकी बांधायची, आणि बांबू ओढेल तिकडे जायचं. ज्या दारावर टोक आपटेल, त्या घरात चेटकीण. पुढचं टोक मेलेल्याच्या मामाने धरायचं, ही आपली रीत. दिंगेचा मामा मी.

रुफिना माझी शेजारीण. खालच्या वळणावर तिचं घर. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, घेवड्याचा मळा मात्र सगळ्यांत चांगला. माझी बायको गेल्यावर मला चूल राखता येईना. राख पांघरून निखारा झाकायचा असतो, ते मला कधी जमलं नाही. म्हणून रोज सकाळी मी फुटका टोप घेऊन तिच्याकडे विस्तव मागायला जायचो. ती दारातूनच ओरडायची, "आलात का काका? विझवलीत ना परत? काकू होत्या तेव्हा त्या तरी कशा पेटत्या राहिल्या हो तुमच्या घरात?" तोंडाची फटकळ. पण टोप कधी रिकामा पाठवला नाही. दोन निखारे आणि वर एक भाजलेलं रताळं. सात वर्षं, रोज. घरातून निघून डावीकडे वळायचं, मुळांवरून तीन पावलं उतरायची, मग सपाट. डोळे मिटून गेलो असतो.

डोळे मिटूनच गेलो.

पुढचं कागदावर लिहिलेलं नाही. म्हणजे लिहिलं होतं, मग खोडलं. तरी सांगतो.

डोळ्यांवर फडकं होतं. मागे सगळं गाव आरडाओरडा करत होतं. दिंगे माझ्या मांडीवर खेळलेला पोर, मी रडत होतो, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी फक्त चालत होतो. आणि माझ्या घराजवळून जाताना माझे पाय रोज जायचे तिकडे गेले. डावीकडे वळले. मुळांवरून तीन पावलं उतरले. मागचे तिघे माझ्या मागे आले, त्यांना वाटलं बांबूच ओढतोय. टोक दारावर आपटलं. आणि आतून आवाज आला, "काका, आज निखारे न्यायला सगळं गाव?"

ती थट्टा करत होती हो. तिला काय माहीत बाहेर काय आहे.

मी फडकं सोडलं आणि कुठे उभा आहे ते बघितलं. त्या क्षणी मला कळलं. काय झालं ते मला पक्कं कळलं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की थांबा रे, ही माझी रोजची वाट आहे, पाय चुकले. दोन वाक्यं. दाउमा, तू तेव्हाही पंच होतास, माझ्यापासून हातभर अंतरावर होतास. तू ऐकलं असतंस की नाही, मला माहीत नाही. पण मी बोललोच नाही. मला वाटलं, आता बोललो तर म्हणतील मामाने टोक वळवलं, म्हणजे मामाच त्यात आहे. तिचे केस धरून तिला बाहेर ओढली तेव्हा ती माझ्याकडे बघून "काका, सांगा ना, काका" म्हणत होती. काय सांगायचं ते तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.

लोखंड तापवून काय केलं ते मी फादरांसमोर सांगत नाही. तिचा उजवा घोटा आजही जमिनीवर टेकत नाही, एवढं पुरे.

सिस्टर आल्या त्या छत्रीचा आधार घेत, सावकाश. धावल्या नाहीत. धावल्या असत्या तर कोणीतरी त्यांनाही ढकललं असतं, असं मला वाटतं. गर्दीतून वाट काढत आल्या आणि रुफिनाच्या शेजारी चिखलात बसल्या. तिचं डोकं मांडीवर घेतलं. तोबियासच्या हातात तो गज होता. त्याला म्हणाल्या, "तोबियास, तुझ्या जन्माच्या वेळी मी तुला पायाला धरून उलटा केला होता, तेव्हा तू रडलास. आता काय करायचंय ते लवकर ठरव, माझे गुडघे भिजताहेत." तोबियासने गज टाकला. टाकलास ना रे? मी बघितलंय. त्या दिवशी सगळ्या गावात तू तेवढा एक थांबलास. मी तर थांबलोही नाही, मी सुरुवातीपासून नुसता उभाच होतो.

त्यानंतर रोज दुपारी बाराला काय होतं, ते आपण सगळे बघतो. सिस्टर दवाखान्याच्या ओट्यावर बसतात. रुफिना रताळं सोलून त्यांच्या हातात देते आणि सिस्टर ते सगळ्यांसमोर खातात. तिने भरलेलं पाणी पितात. घाई नाही, बोलणं नाही. सहा वर्षं. चेटकिणीच्या हातचं खाल्लं तर माणूस झिजून मरतो, असं आपण म्हणतो. म्हणून त्या रोज खातात, आपल्याला दाखवून. आणि आपण काय करतो? आपण रांगेत उभे राहून औषध घेतो आणि तिरक्या नजरेने बघतो, सिस्टर मरतात का. त्यांना नुसती शिंक आली तरी रांग मागे सरकते. खोटं असेल तर सांगा.

आता त्यांचे पाय सुजले आहेत. पायांत पाणी भरलंय, त्र्याहत्तर वय आहे, दुसरं काही नाही. पण मी गेल्या रविवारी चर्चच्या पायरीवर माझ्या कानांनी ऐकलं, "मागची आता सिस्टरांना पायाकडून खायला लागली."

म्हणून सिस्टर चालल्या आहेत. तुम्हाला वाटतं वय झालं, मठातून पत्र आलं म्हणून चालल्या. पत्रं गेली चार वर्षं येताहेत, त्या चुलीत घालत होत्या. मंगळवारी मला म्हणाल्या, "कुमाय, मी इथे मेले तर माझ्यामागे संध्याकाळच्या आत हिला मारतील. म्हणून मला इथे मरता येत नाही. मला जायलाच हवं." सिस्टर, रागावू नका. तुम्ही हे कोणाला सांगू नकोस म्हणाला होतात. पण मी न सांगितल्याने एकदा काय झालं, ते आत्ताच सांगून बसलोय.

रुफिनाला बरोबर का नेत नाहीत, असं फादर मला मघाशी विचारत होते. फादर, तुमच्याच ड्रायव्हरला विचारा. ती चढली तर मी उतरतो, असं त्याने सकाळी सांगितलंय, आणि आपल्या वळणांवर गाडी चालवणारा दुसरा कोणी नाही. चालत जायला तिला पाय नाही. तेव्हा ठरलं असं की सिस्टर मदांगला, किनाऱ्यावरच्या मठात पोचून मोठ्या सिस्टरांपुढे बसून तिच्यासाठी जागा मागणार, किनाऱ्यावरचा ड्रायव्हर मिळवणार, आणि शाळेच्या रेडिओवर निरोप देणार. फादर म्हणतात पंधरा दिवस लागतील. दवाखान्याला आज कुलूप लागेल. किल्ली पंचांकडे.

पंधरा दिवस. मला त्या पंधरा दिवसांची काळजी वाटते. मला सगळ्याचीच काळजी वाटते, माझा स्वभावच तसा, पण ही वेगळी.

कारण मंगळवारी तोबियासची बायको लुसी बाळंतपणात गेली. ओढ्यावरचा पूल वाहून गेला होता, तिला दवाखान्यात आणता आलं नाही. चोवीस वर्षांची पोर. मूलही गेलं. तोबियास, तुझ्या तोंडावरची पांढरी माती बघून माझं काळीज तुटतं रे. तुझं दुःख मी हलकं लेखत नाही. पण आज सकाळी मी तुझ्या अंगणावरून आलो. रडण्याच्या झोपडीला नवा बांबू टेकवून ठेवलाय. लुसीचं लाल पोलकं त्याला बांधून झालंय. आणि काल तुझा चुलता माझ्याकडे येऊन गेला. म्हणाला, "रीत आहे लुसीच्या मामाने धरायची, पण बांबू तुमचं ऐकतो. पुढचं टोक तुम्हीच धरा. गाडी गेली की निघू."

बांबू माझं ऐकत नव्हता, हे मला आज सर्वांसमोर सांगायचं होतं. बांबूने काही दाखवलं नाही. म्हाताऱ्याचे पाय विस्तव आणायला गेले, एवढंच झालं. रुफिनाने दिंगेला खाल्लं नाही. लुसीलाही नाही. तिने कोणाला काही खायला दिलं असेल तर मला रताळं दिलं, सात वर्षं.

झालं. हे बोलायला मला सहा वर्षं लागली.

काय म्हणालास, तोबियास? मोठ्याने बोल, मागच्यांनाही ऐकू दे.

मी खोटं बोलतोय? तिला वाचवायला? पोरा, खोटं बोलायचं असतं तर स्वतःला बरं दाखवणारं खोटं बोललो असतो. बाबा रे, मला अजून...

काय?

नाही, थांबा. त्याला बोलू द्या. दाउमा, बोलू दे त्याला.

फादर, तुम्हाला त्याचं बोलणं तिथे ऐकू आलं नसेल. तो म्हणतो, "मग मामा, तुमचे पाय तिकडे वळलेच कशाला? सात वर्षं तिच्या हातचं खाऊन खाऊन ती तुमच्या पायांत शिरली. बांबूने तुमच्या पायांतूनच दाखवलं."

आणि मागचे माना डोलावताहेत. बाकांवरचेही काही.

रात्रभर मी हाच विचार करत होतो की खरं सांगितलं की सुटेल. मला काय माहीत की खऱ्यालाही ती झोपडी गिळते. सिस्टर, याला तुमच्याकडे उत्तर आहे का? मान हलवू नका, मला कळलं. तुमच्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते तुम्ही रोज बाराला ओट्यावर बसून देत होतात.

बरं. मग मी एवढंच सांगतो.

पुढचं टोक मी धरणार नाही. दुसरं कोणी धरणार असेल तर त्याला मी अडवू शकत नाही, माझ्यात तेवढा जोर नाही. पण कोणी धरलंच, तर टोक कोणत्या दारावर न्यायचं ते आताच ऐका. रुफिना आज गाडी सुटल्यावर माझ्या घरी राहायला येतेय. मी तिला विचारलंय. ती म्हणाली, "काका, तुमच्या चुलीत विस्तव तरी असतो का?" मी म्हणालो, नसतो. म्हणाली, "मग यायलाच हवं." तिचं आणि माझं घर आता एकच आहे. मी दारात बसलेला असेन. डोळ्यांवर फडकं न बांधता या, म्हणजे मी बसलोय ते दिसेल.

आणि उद्यापासून दुपारी बाराला दवाखान्याच्या ओट्यावर मी बसणार. ती रताळं सोलेल, मी खाईन. कोणाला बघायचं असेल त्याने यावं. कोणाला शेजारी बसायचं असेल तर ओटा लांब आहे.

आता एक गोष्ट, आणि ही मी कोणालाच सांगितली नव्हती, सिस्टरांनाही नाही, नाहीतर त्या निघायला तयारच झाल्या नसत्या. मला दोन महिने खोकला आहे. फडक्यात रक्त दिसतं. सिस्टर, बसा, बसून राहा, गाडी तुमची ठरलेली आहे. तुम्ही इथे राहिलात तर काय होईल ते तुम्हीच मला सांगितलंय. म्हणून पंच, फादर आणि सगळ्या गावासमोर मी आज बोलून ठेवतो: हा खोकला उद्याच्या रताळ्याच्या आधीचा आहे. मी मेलो तर माझ्या छातीने मेलो. मला कोणी खाल्लं नाही. माझ्यासाठी झोपडी बांधू नका, बांबू तोडू नका. फादर, हे तुमच्या वहीत लिहून घ्या, मी खाली अंगठा देतो. सही येते मला, पण अंगठा सगळ्यांना ओळखता येतो.

लिहिलंत? तरी ते ऐकतील असं मला वाटत नाही. म्हणून मी आणखी पंधरा दिवस जगायचा प्रयत्न करणार आहे. एवढंच माझ्या हातात आहे, आणि तेही पूर्ण नाही.

अध्यक्षांचे आभार, मला पाच मिनिटांच्या जागी इतकं बोलू दिलं म्हणून. फादरांचे आभार. ज्या बायकांनी पहाटे उठून डुक्कर आणि भाजी खड्ड्यात रचली त्यांचे आभार. माझ्यामुळे ते गार झालं असेल तर राग धरू नका. तोबियास, तू आलास आणि शेवटपर्यंत ऐकलंस, तुझेही आभार मानतो, मनापासून. बोलताना कोणाचं मन दुखावलं असेल, मानाने कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कमी शिकलेला म्हणून सांभाळून घ्या. रुफिनाची माफी इथून मागत नाही. ती तिच्या समोर मागायची आहे.

सिस्टर, एकतीस वर्षांचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत, म्हणून ते तसेच राहू देतो. मदांगला पोचलात की पाय वर करून आधी विश्रांती घ्या, असं म्हणायला हवं. पण मी तसं म्हणत नाही. पोचलात की उभ्याउभ्या आधी मोठ्या सिस्टरांकडे जा. आणि रेडिओवर निरोप द्या. शाळेचा रेडिओ सकाळी आठला लावतात, मी रोज साडेसातला जाऊन बसेन. पंधरा दिवसांची वाट बघायला लावू नका, सिस्टर. लवकर निरोप धाडा.